अग्निबाण घडविणारे हात

आगीचा लोळ मागे टाकीत आकाशात झेपावणारा अग्निबाण पाहिला, की लहानथोर सर्वांचीच मने थरारून जातात. अशा वेळी एखाद्या मुलाला, 'मोठेपणी तू कोण होणार?' असे विचारले, तर 'अंतराळवीर' हेच उत्तर बहुधा येते. त्यात वावगे काहीच नाही. परंतु मुलांनो, आकाशात जाणाऱ्या बहुतेक अग्निबाणांत माणूस नसतोच. त्यांत कृत्रिम उपग्रह असतात. आणि तो अग्निबाण घडविणारी शेकडो माणसे जमिनीवरच उभी असतात. ही माणसे कोण, ती कोणती कामे करतात आणि हाती घेतलेले काम फसले म्हणजे कशी वागतात, हे आज आपण एका घडलेल्या हकीकतीवरून समजून घेऊ.

सोव्हिएत संघाने १९५७ साली जगातील पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्यानंतर कित्येक वर्षे उपग्रह सोडण्याचे काम देशोदेशींची सरकारेच करीत असत. कारण त्याला लागणारा खर्च अफाट आणि धोकाही मोठा. पुढे उपग्रहांचे उपयोग वाढत गेले. दूरचित्रवाणीची चित्रे घरोघरी पोचविणे, वादळाची आगाऊ सूचना देणे, भर समुद्रातील जहाजाला मार्ग दाखविणे, पिकांची आणि जंगलांची पाहणी करणे, अशी नाना कामे उपग्रह करू लागले. ज्यांना उपग्रह हवा, पण स्वतःचा अग्निबाण बांधण्याची ऐपत नाही, असे देश, कारखानदार आणि विद्यापीठे पुष्कळ होती. व्यापारी ज्याप्रमाणे भाडे देऊन मालमोटारीने माल पाठवितो, त्याचप्रमाणे भाडे घेऊन दुसऱ्याचा उपग्रह अवकाशात पोचविणे हाही मग एक व्यवसाय झाला.

हा व्यवसाय करण्याच्या हेतूने २००२ साली अमेरिकेत ईलॉन मस्क यांनी 'स्पेसएक्स' नावाची कंपनी स्थापन केली. लॉस एंजेलिस शहराजवळील एल सेगुंडो या गावी तिचा पहिला कारखाना होता. स्वस्तात उपग्रह नेऊ शकेल असा लहान अग्निबाण बांधावा, असे त्यांनी ठरविले व त्याला 'फाल्कन-१' असे नाव दिले. फाल्कन म्हणजे ससाणा. हा अग्निबाण सुमारे २१ मीटर, म्हणजे सात मजली इमारतीएवढा उंच होता. त्याचे एकावर एक असे दोन टप्पे होते. रॉकेलच्या जातीचे शुद्ध इंधन आणि अतिशय थंड असा द्रवरूप ऑक्सिजन यांच्या ज्वलनावर त्याची इंजिने चालत.

अग्निबाण म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे केवळ शास्त्रज्ञ उभे राहतात. प्रत्यक्षात त्या कारखान्यात पाऊल टाकले असते, तर किती प्रकारची माणसे दिसली असती! कोणी गणिते मांडून अग्निबाणाची वाट आखीत असे. कोणी इंजिनाचे आराखडे काढी. टर्नर धातूचा तुकडा यंत्रावर केसाएवढ्या मापाने घडवी; वेल्डर टाकीचे पत्रे असे जोडी, की सांध्यातून इंधनाचा थेंबही झिरपू नये. कोणी तारांची जोडणी करी, कोणी संगणकासाठी आज्ञावली लिही. लागणारे सामान योग्य भावाने व वेळेवर आणणारा माणूसही तेथे होता. कारण एक झडप वेळेवर आली नाही, तर सर्वांचेच हात बांधले जात.

शिवाय ग्राहकांशी बोलणी करणारे कोणी तरी हवेच. हे काम ग्विन शॉटवेल या बाईंकडे होते. त्या शाळेत असताना त्यांच्या आईने त्यांना स्त्री-अभियंत्यांच्या एका सभेला नेले होते. तेथे एका स्त्री-अभियंत्याचे बोलणे ऐकून त्यांनी यंत्र-अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्याचे ठरविले. २००२ मध्ये त्या कंपनीत आल्या, तेव्हा अग्निबाण कागदावरच होता. जी वस्तू अजून उडालेली नाही, तिच्यावर आपला मोलाचा उपग्रह ठेवण्यास दुसऱ्याला राजी करणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. त्यासाठी यंत्राचे पुरते ज्ञान लागते आणि खरे बोलण्याची सवयही लागते.

अग्निबाण सोडण्यासाठी प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी ओमेलेक नावाचे एक चिमुकले बेट निवडण्यात आले. चोहीकडे निळे पाणी, माडांची झाडे आणि खारा वारा. तेथेच कंपनीचे अभियंते आणि कारागीर दिवसरात्र राबले. अखेर २४ मार्च २००६ रोजी फाल्कन-१ आकाशात झेपावला. परंतु अर्ध्या मिनिटाच्या आसपास त्याचे इंजिन बंद पडले आणि अग्निबाण बेटालगत समुद्रात कोसळला. अमेरिकी वायुदलाच्या विद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला एक उपग्रह त्यात होता. तो उडून बेटावरील कंपनीच्याच यंत्रशाळेच्या छपरावर आदळला!

इंधनाच्या नळीच्या एका सांध्यातून गळती झाली होती व त्या इंधनाने पेट घेतला होता, हे लवकरच कळले. आता दोष कोणाचा? उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्या भागात काही कारागिरांनी काम केले होते. त्यांच्यापैकी कोणी तरी सांधा नीट आवळला नसावा, असा समज झाला. आणि कंपनीच्या प्रमुखांनी तो जाहीरपणे बोलूनही दाखविला. महिनोन्‌महिने घरदार सोडून त्या बेटावर राबलेल्या माणसांच्या मनाला हा बोल किती लागला असेल, याची कल्पना करा.

पुढे रीतसर चौकशी झाली. समुद्रातून काढलेले तुकडे तपासण्यात आले, उड्डाणाच्या नोंदी वाचण्यात आल्या. तेव्हा निराळीच गोष्ट उघड झाली. त्या सांध्यावर ॲल्युमिनियमचा एक लहानसा नट होता. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेने तो आतून खाल्ला जाऊन त्याला भेग पडली असावी, असा निष्कर्ष निघाला. कोकणात समुद्रकाठच्या घरांची कडीकोयंडे आणि बिजागऱ्या ज्या हवेने लवकर खराब होतात, तशाच हवेने सात मजली अग्निबाण खाली आणला होता. कारागिरांच्या हातून चूक झालेली नव्हती. त्यानंतर तेथे गंज न चढणाऱ्या पोलादाचे नट बसविण्यात आले.

या प्रसंगाचा नीट विचार करा. कारागिराने निष्काळजीपणा केला, एवढेच मानून सर्व जण थांबले असते, तर काय झाले असते? त्या बिचाऱ्यावरचा ठपका कायम राहिला असता. आणि तसाच ॲल्युमिनियमचा नट दुसऱ्या अग्निबाणातही बसला असता. काम बिघडले म्हणजे माणसावर बोट ठेवण्याची घाई आपणा सर्वांनाच होते. मोठमोठ्यांनाही ती आवरत नाही. कारण शोधण्याला मात्र वेळ लागतो, कष्ट लागतात, आणि आपला पहिला तर्क चुकला असे मान्य करण्याचे धैर्यही लागते.

दुसरे उड्डाण २१ मार्च २००७ रोजी झाले. या वेळी अग्निबाण अवकाशात पोचला. पण वरच्या टप्प्याच्या टाकीतील द्रव हिंदकळू लागला. अर्धी भरलेली बादली घेऊन भरभर चालताना पाणी कसे हिंदकळते व हाताला कसे ओढते, याचा अनुभव तुम्हांला असेलच. तसाच तो टप्पा डोलू लागला आणि त्याचा तोल गेला. हिंदकळणे थोपविणाऱ्या पट्ट्या त्या टाकीत बसविलेल्या नव्हत्या. पुढच्या वेळी त्या बसविण्यात आल्या.

तिसरे उड्डाण ३ ऑगस्ट २००८ रोजी झाले. खालचा टप्पा आपले काम संपवून सुटा झाला. परंतु त्याच्या नव्या इंजिनात किंचित जोर शिल्लक होता. तो टप्पा मागे पडण्याऐवजी पुढे सरकला व वरच्या टप्प्यावर आदळला. जमिनीवरच्या चाचण्यांत हा दोष दिसला नव्हता. कारण तेथे हवेच्या दाबापुढे एवढा अल्प जोर लक्षातच येत नाही. इंजिन बंद होणे आणि टप्पे सुटे होणे यांत आणखी काही सेकंदांचे अंतर ठेवणे, एवढाच त्यावर उपाय होता.

काही सेकंदांचा फरक, आणि वर्षांची मेहनत पाण्यात! कंपनीजवळचा पैसा संपत आला होता. अशा वेळी प्रमुखाने काय करावे? मस्क यांनी सहकाऱ्यांना सांगितले, की आपण हार मानणार नाही. उरलेल्या भागांतून चौथा अग्निबाण उभा करू आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हा उडवू. या वेळी त्यांनी कोणा एकाला दोषी ठरविले नाही. सारे पुन्हा कामाला लागले.

वेळ थोडा असल्यामुळे खालचा टप्पा जहाजाऐवजी सैन्याच्या मोठ्या विमानातून पाठविण्यात आला. वाटेत विमान खाली उतरू लागले, तेव्हा टाकीचे पत्रे कडकड आवाज करीत आत दबू लागले. असे का झाले? महाबळेश्वरच्या माथ्यावर प्लॅस्टिकची रिकामी बाटली घट्ट बूच लावून घ्या आणि घाट उतरून वाईला या. बाटली चेपलेली दिसेल. वरची हवा विरळ असते, खालची दाट असते. बाहेरचा दाब वाढतो आणि आतली हवा त्याला पुरी पडत नाही. टाकीचेही तेच झाले. टाकीत हवा शिरण्याची वाट अगदी अरुंद होती. बरोबर असलेल्या माणसांनी खिशातल्या सुऱ्यांनी वेष्टन कापले. एक तरुण अभियंता अग्निबाणाच्या आतील अंधाऱ्या पोकळीत शिरला आणि पान्याने नळी सैल करून त्याने हवेला वाट दिली. वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेले, म्हणून टाकी वाचली. बेटावर पोचल्यावर कारागिरांनी तो टप्पा खोलला, निखळलेले भाग पुन्हा बसविले व तपासून पुन्हा जोडला.

२८ सप्टेंबर २००८ रोजी चौथा फाल्कन-१ उडाला. त्यात कोणाचा उपग्रह नव्हता. उपग्रहाच्या जागी सुमारे १६५ किलो वजनाचा धातूचा ठोकळा होता. या वेळी टप्पे नीट सुटे झाले, द्रव हिंदकळला नाही आणि अग्निबाण पृथ्वीच्या कक्षेत जाऊन पोचला. खाजगी कंपनीने स्वतः विकसित केलेला, द्रव इंधनावर चालणारा आणि कक्षेत पोचलेला हा जगातील पहिलाच अग्निबाण होय. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अवकाशस्थानकाकडे सामान नेण्याच्या बारा फेऱ्यांचे काम 'नासा' या अमेरिकी संस्थेने या कंपनीला दिले, आणि शॉटवेलबाई कंपनीच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी, १४ जुलै २००९ रोजी, मलेशियाचा उपग्रह घेऊन फाल्कन-१ पुन्हा यशस्वीपणे उडाला.

आपल्या देशातही या व्यवसायाची दारे उघडली आहेत. २०२० साली भारत सरकारने अवकाशाचे क्षेत्र खाजगी उद्योगांना मोकळे करण्याचा निर्णय जाहीर केला. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या 'स्कायरूट' कंपनीचा 'विक्रम-एस' हा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून सुमारे ८९ किलोमीटर उंच गेला. भारतीय खाजगी कंपनीने बांधलेला तो पहिला अग्निबाण. चेन्नईच्या 'अग्निकुल' कंपनीला आपले पहिले उड्डाण अनेकदा ऐन वेळी थांबवावे लागले. ते ३० मे २०२४ रोजी पार पडले. उड्डाण थांबविणे हेही धैर्याचेच काम आहे, हे फाल्कनच्या हकीकतीनंतर तुम्हांला निराळे सांगावयास नको.

आणि हे काम आपल्या अंगणातही अनेक वर्षे चालू आहे. भारताच्या अग्निबाणांतील 'विकास' नावाची इंजिने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनतात. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांची पोलादी कवचे तयार होतात. तेथील वेल्डरचे नाव वृत्तपत्रात छापून येत नाही. परंतु त्याचा सांधा निर्दोष असल्याखेरीज अग्निबाण जागचा हलत नाही.

तेव्हा मुलांनो, तुमच्यापैकी कोणाला गणित आवडत असेल, कोणाला यंत्रे खोलून पाहण्याचा नाद असेल, कोणाला चार माणसांना गोष्ट पटवून सांगता येत असेल. या सर्वांना तेथे जागा आहे. कोणी पुढे प्रमुखही होईल. त्या जागेवर बसाल तेव्हा ओमेलेक बेटावरील तो लहानसा नट आठवा. काही बिघडले, तर 'कोणी केले?' असे विचारण्याआधी 'कसे झाले?' असे विचारा. आणि उत्तर हाती येईपर्यंत कोणावरही बोट रोखू नका.