चौकटीचा कारागीर आणि चित्रकार आरा

मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी चित्रकारांची, समीक्षकांची आणि आश्रयदात्यांची नावे आदरपूर्वक नोंदविली. परंतु ज्या कारखान्यात त्या चित्रांना काच, पुठ्ठा आणि लाकडी पट्टी लाभली, त्याचा उल्लेख बहुधा ओझरताच होत आला. कृष्णाजी हौलाजी आरा आणि केमोल्ड या फ्रेमांच्या पेढीचे केकू गांधी यांचा दीर्घ संबंध लक्षात घेतला, म्हणजे ही उपेक्षा मनाला लागते.

१९२० साली पारशी कुटुंबात जन्मलेले गांधी केंब्रिजला शिकत होते. १९३९ साली ते सुट्टीत मुंबईस आले, तोच महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. रॉजर व्हॅन डॅम या बेल्जियन गृहस्थाशी परिचय होऊन १९४१ साली त्यांनी फ्रेमांचा व्यवसाय आरंभिला. फ्रेमवाल्याकडे येणारे त्या काळचे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यत्वे देवादिकांच्या तसबिरी आणि दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे घेऊन येणारी मंडळी. नव्या चित्रकारांशी गांधींची गाठ पडली ती वॉल्टर लँगहॅमर यांच्यामुळे; नात्सी राजवटीपासून जीव वाचवून व्हिएन्नाहून आलेला हा चित्रकार ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कला-संचालक होता आणि होतकरू कलावंतांना त्याचे घर सदैव मोकळे असे.

आरा त्या कलावंतांपैकीच. १९१४ साली सिकंदराबादेनजीक बोलारम येथे जन्मलेला, लहान वयातच घर सोडून मुंबईस आलेला, साहेबांच्या घरी हरकाम्या म्हणून राबलेला, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेला आणि पुढे मोटारी धुऊन पोट भरणारा हा माणूस ज्या जिद्दीने चित्रे काढीत राहिला, तिचे मोल शब्दांत मांडणे कठीण आहे. रूडी फॉन लायडन या समीक्षकाने त्याचे गुण हेरले. १९४४ साली त्याला गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले आणि १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह तो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा संस्थापक झाला.

आराचे पुष्कळसे काम कागदावरचे. जलरंग आणि गुआश (अपारदर्शक जलरंग) तो असा थरावर थर चढवून वापरी, की दुरून पाहणाऱ्यास तैलरंगाचा भास व्हावा. आता कॅनव्हासवरील तैलचित्र नुसत्या पट्टीत बसवूनही वर्षानुवर्षे तग धरते. कागदाचे तसे नाही. मुंबईच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, फुगतो, त्यावर बुरशीचे ठिपके उमटतात. चित्र काचेला चिकटले तर रंगच काचेवर निघून येतो. म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटचा पुठ्ठा घालून हवेला अंतर ठेवावे लागते, मागची बाजू धूळ व किडीपासून बंद करावी लागते, आणि पट्टीची खाच इतकी खोल घ्यावी लागते की काच, माउंट, चित्र व पाठीचा पुठ्ठा हा सारा ऐवज तीत सामावला पाहिजे. कागदावर काम करणाऱ्या चित्रकाराला फ्रेमवाल्याची गरज तैलचित्रकाराहून अधिक असते, असे माझे स्पष्ट मत आहे. आराच्या फुलदाण्या आणि विवस्त्र स्त्रीदेह यांचे आयुष्य अशा अनामिक सुतारकामावर अवलंबून असते, आणि हे सांगताना चित्रकाराची थोरवी तिळमात्र उणी होत नाही.

काचेआडचे चित्र जपणे हा या व्यवसायाचा एक भाग झाला. ते लोकांच्या नजरेस आणणे हा दुसरा. मुंबईत कायमस्वरूपी खाजगी कलादालने जवळजवळ नव्हतीच, त्या दिवसांत प्रिन्सेस स्ट्रीटवरील केमोल्डच्या दुकानात फ्रेमांच्या सोबतीने आरा, हुसेन, हेब्बर यांची चित्रे मांडली जाऊ लागली. पट्टी निवडावयास आलेला गृहस्थ त्या निमित्ताने आराच्या फुलांपुढे उभा राही. अशा पाहुण्यांतून खरेदीदार घडविणे हे काम कोणत्याही सरकारी खात्याने अंगावर घेतले नव्हते. १९६३ साली जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली गेली. केकूंच्या पत्नी खोर्शेद गांधी यांनी तिचा कारभार मोठ्या निष्ठेने सांभाळला, आणि चित्रविक्रीचा भरवसा नसलेल्या त्या काळात फ्रेमांच्या उत्पन्नाचा तिला आधार राहिला.

आरानेही १९८५ साली मृत्यू येईपर्यंत आपली बरीच शक्ती इतरांच्या चित्रांना भिंत मिळवून देण्यात वेचली. रॅम्पार्ट रोवरील आर्टिस्ट्स सेंटरचा कारभार पाहताना कित्येक नवख्या चित्रकारांना त्याने पहिल्या प्रदर्शनाची जागा दिली, आणि ते सेंटर गांधींच्या गॅलरीपासून काही मिनिटांच्या चालण्याइतकेच दूर होते.