आवृत्ती आणि वारंवारता

मराठी वाचकाला ‘आवृत्ती’ म्हटले की पुस्तकाची आवृत्ती आठवते. पांढुर्णा-सौंसरकडील मराठी घरातला जो मुलगा हिंदी माध्यमातून पदार्थविज्ञान शिकतो, त्याला मात्र ‘आवृत्ति’ भेटते ती कंपनांच्या संदर्भात. आम्ही तिलाच वारंवारता म्हणतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठीभाषक टापू मध्य प्रदेशातच राहिला, आणि असे दुहेरी शब्द तेथील मुलांच्या वाट्याला आले. या दुहेरीपणाची आम्हांस खंत वाटत नाही. संमिश्र संख्यांचा लहरींशी असलेला संबंध उलट त्यामुळेच उकलतो. वारंवारता ही मोजणी आहे. आवृत्तीच्या पोटात ‘वृत्’ हा धातू आहे, आणि फिरणे हा त्याचा एक अर्थ.

कुंभाराच्या चाकाच्या कडेला मातीचा गोळा चिकटवावा व बाजूने, दुरून, दिवा धरावा. भिंतीवर गोळ्याची सावली नुसत्या येरझारा घालील. तिच्यावरून फेरे मोजता येतील, पण चाकाची दिशा कळणार नाही. त्यासाठी काटकोनातल्या दुसऱ्या भिंतीवरची सावलीही हवी. या दोन सावल्यांची एकत्र नोंद म्हणजे संमिश्र संख्या: पहिली सावली तिचा वास्तव भाग, दुसरी काल्पनिक. ‘काल्पनिक’ हे नाव मोठे दुर्दैवी. दुसरी सावली पहिलीइतकीच खरी असते!

मग उणे एकचे वर्गमूळ येथे येते कोठून? संख्येला उणे एकने गुणले की ती शून्याच्या पलीकडे जाते, म्हणजे अर्धा फेरा होतो. जी क्रिया दोनदा केल्याने अर्धा फेरा होईल, ती पाव फेऱ्याची. कास्पार वेसेल या भूमापकाने १७९७ साली ही भूमिती डेन्मार्कच्या अकादमीपुढे मांडली. जवळजवळ शंभर वर्षे त्याच्या निबंधाकडे फारसे कोणी पाहिले नाही. १८९३ मध्ये स्टाइनमेट्झ यांनी प्रत्यावर्ती विजेच्या हिशेबात संमिश्र संख्या आणल्या. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ती तारेच्या गुंडाळीतून नेली तर प्रवाहाची लाट लहान होते व मागे पडते, आवर्तने मात्र ५० च राहतात. लहान होणे आणि मागे पडणे, दोन्ही एकाच संमिश्र संख्येच्या गुणाकारात मावतात.

पण तारेतला प्रवाह ही तर एकच सावली. मग चाक कोणत्या दिशेचे? दोन्ही. दुसरी सावली मध्यावर असेल अशा खुणेपासून दोन चाके सारख्या वेगाने परस्परविरुद्ध फिरवून गोळ्यांची स्थाने मिळवली, तर दुसऱ्या भिंतीवरच्या सावल्या एकमेकींना खोडतात, पहिलीवरची दुप्पट होते. म्हणून गणिती एकाच लाटेत +५० आणि −५० अशी जोडी मांडतो. ‘उणे पन्नास वेळा’ हे आमच्या वारंवारतेला हास्यास्पद वाटेल. पांढुर्ण्याच्या मुलाला उणे आवृत्ति म्हणजे उलटे फेरे, हे निराळे सांगावे लागू नये.