लिनक्स आज्ञावलींचे फ्रीबीएसडीवरील संवेष्टन

लिनक्ससाठी यंत्रभाषेत उतरविलेली आज्ञावली, तीत बदल न करता, फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्ससदृश परिचालन प्रणालीवर चालावी म्हणून आवश्यक फायलींसह तिचे पॅकेज बांधण्याची पद्धती. आज्ञावलीची मूळ संहिता हाती असल्यास फ्रीबीएसडीवर तिचे नव्याने संकलन करणे केव्हाही श्रेयस्कर. तथापि अनेक व्यावसायिक आज्ञावल्या यंत्रभाषेतच मिळतात. त्यांच्यासाठी या पद्धतीवाचून गत्यंतर नसते.

दोन्ही प्रणाली एकाच प्रकारच्या प्रक्रियकावर चालत असल्याने यंत्रादेशांचे भाषांतर करावे लागत नाही. अडचण येते ती आज्ञावली प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, सेवा मागते तेव्हा. प्रत्येक सेवेस क्रमांक असतो आणि ६४-बिट इंटेल जातीच्या संगणकांवर हे क्रमांक दोहोंत भिन्न आहेत. उदा., १ या क्रमांकाने लिनक्समध्ये लेखनाची सेवा मिळते, तर फ्रीबीएसडीमध्ये चालू आज्ञावलीच समाप्त होते. त्रुटींचे क्रमांकही फसवे आहेत : लिनक्समध्ये ११ म्हणजे ‘पुन्हा प्रयत्न करा’ व ३५ म्हणजे परस्पर अडवणूक, फ्रीबीएसडीमध्ये नेमके याउलट. म्हणून फ्रीबीएसडीच्या गाभ्यात १९९५ पासून लिनक्ससाठी सेवांचा वेगळा तक्ता ठेवण्यात आला. फायलीच्या शीर्षातील खूण किंवा तीत नोंदलेले गतिक जोडकाचे नाव पाहून कोणता तक्ता लावावयाचा हे ठरते. ६४-बिट लिनक्स आज्ञावलींची सोय १०.३ या आवृत्तीत (२०१६) झाली.

एवढ्याने भागत नाही. आज्ञावलीस लिनक्सच्याच सामायिक लायब्रऱ्या लागतात आणि संवेष्टनाचे खरे काम येथे सुरू होते. लिनक्सच्या एखाद्या वितरणातील तयार पॅकेजे पुन्हा संकलित न करता उलगडून ‘/कॉम्पॅट/लिनक्स’ या निर्देशिकेत मांडतात. उतरवून घेतलेल्या प्रत्येक संचाची पडताळणी-संख्या व मांडलेल्या फायलींची यादी नोंदवितात. लिनक्स आज्ञावलीने फाइल मागितल्यास गाभा प्रथम या निर्देशिकेत शोधतो. तेथे न सापडल्यास फ्रीबीएसडीची त्याच नावाची फाइल देतो. ही सोय उपयुक्त असली, तरी तीमुळे पॅकेजमध्ये राहिलेली उणीव झाकली जाऊ शकते : बांधणाऱ्याच्या संगणकावर निर्वेध चाललेली आज्ञावली इतरत्र अडते. म्हणून कोऱ्या संगणकावर चाचणी घेणे इष्ट. पुनर्वितरणाचा परवाना नसल्यास मूळ संच वापरणाऱ्याने स्वतः उतरवून घ्यावा लागतो.

पायाभूत लायब्रऱ्यांचे वय ही सर्वांत गंभीर बाब होय. दीर्घकाळ हा पाया सेंटओएस ७ वर आधारलेला होता. त्या वितरणाचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर आढळलेले दोष फ्रीबीएसडी अद्ययावत ठेवल्यानेही दूर होत नाहीत, कारण त्या लायब्रऱ्या तिच्या नव्हेत. पुढे रॉकी लिनक्स ९ वर आधारलेला पाया उपलब्ध झाला. नेटबीएसडीमध्येही अशीच योजना असून तिच्यासाठी ओपनसूसेच्या लायब्रऱ्यांची पॅकेजे बांधण्यात आली. ओपनबीएसडीने मात्र ६.० या आवृत्तीत (२०१६) लिनक्स-सुसंगती काढून टाकली.