‘श्रद्धेमुळे सेवा’ हे सिद्ध कसं करायचं?

गोंडवाना विद्यापीठाच्या पेटची तयारी करताना अनेकांना असा विषय सुचतो: ख्रिस्ती श्रद्धा आणि गरिबांची सेवा. विषय चांगला आहे. पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिलाच प्रश्न अडतो. सेवा दिसते, श्रद्धा दिसत नाही. मग सेवा श्रद्धेतूनच आली, हे कशावरून?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. आपला तेव्हाचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, याच प्रांतात होता. या मुलींसाठी पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. म्हणजे आधी श्रद्धा, मग सेवा. झालं सिद्ध?

नाही. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण गेली. भूक त्यांनी स्वतः सोसली होती. बाप्तिस्म्याआधीच, 1882 मध्ये, त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. म्हणजे कळवळा आधीपासूनच होता. त्या उपासमारीच्या दिवसांत जुन्या धर्मावरचा विश्वास उडाला, असंही त्यांनी लिहिलंय. एकच अनुभव सेवेकडेही नेतो आणि नव्या श्रद्धेकडेही. अशा तिसऱ्या घटकाला आपण कन्फाउंडर म्हणतो.

म्हणून प्रश्न बदला. ‘सेवा केली का?’ ऐवजी विचारा, ‘सेवा कुणापर्यंत पोचली?’ 1889 मध्ये सुरू झालेलं शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. मुक्तीत दुष्काळातल्या कुठल्याही जातीच्या मुली आल्या, अंध मुली आल्या; समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं. अशाच स्त्रियांमध्ये ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं काम रमाबाईंनी लंडनच्या फुलहॅममध्ये पाहिलं होतं. त्याचा आपल्या श्रद्धेशी असलेला संबंध त्यांनी स्वतः सांगितलाय. श्रद्धेचा ठसा शोधायचा तर तो इथे, मदतीच्या बदललेल्या हद्दीत सापडतो. हा पक्का पुरावा नव्हे. पण तपासता येईल असा दावा नक्कीच आहे.

आता अवघड भाग. शारदा सदनात धर्मांतर होतं, या आरोपावरून 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुक्तीतल्या अनेक मुलींनी पुढे बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात भाकरी मिळते, त्या घराच्या श्रद्धेला एखादी मुलगी कितपत मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकते? रमाबाईंचं मोठेपण मान्य करूनही हा प्रश्न प्रबंधात यायलाच हवा. तो टाळलात तर प्रबंध गौरवग्रंथ होईल. फक्त तोच मांडलात तर आरोपपत्र.

फील्डवर तीन गोष्टी सांभाळा. मदत घेणाऱ्याची मुलाखत मदत देणाऱ्यासमोर घेऊ नका. संस्थेचा अहवाल वाचताना तो देणगीदारांसाठी लिहिलाय का, हे बघा. आणि कुणाला मदत मिळाली याच्याइतकंच कुणाला परत पाठवलं, हेही विचारा. दाराबाहेर कोण राहिलं हे कळल्याशिवाय हद्द कुठे होती ते कळणार नाही.