पानगळीतला गोड चिवडा

सप्टेंबर संपत आला की आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये झाडांना रंग चढायला लागतात आणि दुकानांना भोपळ्याचं वेड लागतं. कॉफीत भोपळा, बिस्किटांत भोपळा, मेणबत्तीलासुद्धा भोपळ्याचा वास. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टींत भोपळा औषधालाही नसतो, असतो तो भोपळ्याच्या पायमध्ये पडणारा मसाला. दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग. मकॉर्मिक कंपनीने १९३४ मध्ये तो तयार मसाला म्हणून विकायला काढला आणि २००३ मध्ये स्टारबक्सने तो कॉफीत घातल्यावर तर त्याचा सणच झाला. आपल्याला यात नवल वाटू नये. घारग्यांना लाल भोपळा आणि पुरणाला जायफळ लावणाऱ्यांच्या डब्यात हे सगळं आधीपासूनच आहे.

यंदा बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांचा मधुमेह पंधरा वर्षांचा. इथे आलेल्या आई-वडिलांसाठी आपण जो प्रवासी विमा काढतो, त्यात आधीपासूनचे आजार बहुतेक वेळा धरलेलेच नसतात, हे वाचकांपैकी अनेकांना अनुभवाने माहीत असेल. त्यामुळे बाबांची साखर हा आमच्या घरात थेट काळजीचा विषय. दुपारी-रात्री भाजी-भाकरी असते, तिथे प्रश्न नाही. अडचण सकाळची. आम्ही दोघं आठ वाजता कॉलवर, मुलगी शाळेच्या बसला. मग बाबा आपलं आपण कपाट उघडतात आणि समोर दिसेल ते वाडग्यात ओततात. समोर असायचा ग्रॅनोला. पाकिटावर ओट्सचं कणीस, मधाचा थेंब, 'नॅचरल' वगैरे. बाबांना तो फार आवडला. "अरे, हा तर गोड चिवडा!" म्हणाले. दोन तासांनी ग्लुकोमीटरने २३८ दाखवले.

पाकीट उलटं करून बघितलं. अमेरिकेत २०१६ मध्ये लेबलचे नियम बदलले, त्यानुसार एकूण साखरेच्या खाली 'ॲडेड शुगर्स' अशी वेगळी ओळ द्यावी लागते. फळातली-दुधातली साखर निराळी आणि वरून घातलेली निराळी. आमच्या पाकिटावर अर्ध्या कपाला १२ ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे झाले. आणि अर्धा कप ग्रॅनोला वाडग्यात किती दिसतो हे एकदा मोजून बघाच. बाबांचा वाडगा सहज एक कपाचा होता. अमेरिकन हार्ट असोसिएशन वरच्या साखरेची दिवसाची मर्यादा बायकांसाठी सहा आणि पुरुषांसाठी नऊ चमचे सांगते. सहा तर सकाळी साडेआठलाच झाले!

या पदार्थाचा जन्म खरं तर पथ्याचा. १८६३ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलच्या आरोग्यधामात डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी कोंड्यासकटच्या पिठाचे तुकडे पुन्हा पुन्हा भाजून 'ग्रॅन्युला' केला. तो इतका कडक होता की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय चावतच नसे. पुढे कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉगनी त्यासारखाच पदार्थ काढला आणि नावावरून भांडण झाल्यावर त्याला 'ग्रॅनोला' म्हटलं. गोडवा मागाहून आला.

तर आता घरी करतो. चिवडा करता येत असेल तर हे येतंच. दोन्हीकडे खरं कौशल्य एकच, मंद आचेवर धीर धरणं.

तीन कप जाड ओट्स घ्या. झटपट शिजणारे बारीक नकोत, त्यांचा भुगा होतो. स्टील-कटही नकोत, ते दाताखाली खड्यासारखे लागतात. त्यात एक कप पेकनचे तुकडे (पेकन म्हणजे अक्रोडाची चुलत बहीण, इथलीच, मूळ अमेरिकन) आणि अर्धा कप भोपळ्याच्या सोललेल्या बिया. दीड चमचा दालचिनीपूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा किसलेलं जायफळ, चिमूटभर लवंगपूड, अर्धा चमचा मीठ. मीठ विसरू नका, कमी साखरेत चव तेच सांभाळतं. दुसऱ्या भांड्यात अर्धा कप भोपळ्याचा गर, पाव कप तेल आणि पाव कप मेपल सिरप फेटा. डब्यातला गर आणणार असाल तर नीट वाचा: 'पंपकिन प्युरे' हवी, 'पाय फिलिंग' नको. दोन्ही डबे शेजारी-शेजारी असतात आणि दुसऱ्यात साखर आधीच घातलेली असते.

सगळं एकत्र करून ट्रेवर पातळ पसरा. ओव्हन ३०० अंश फॅरनहाइट, म्हणजे दीडशे सेल्सियस. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं, मध्ये एकदा हलवायचं. बाहेर काढल्यावर थोडा मऊ वाटेल, तो निवताना कुरकुरीत होतो. पूर्ण गार झाल्यावरही आतून दमट लागला तर परत दहा मिनिटं आत ढकला. भोपळ्यातलं पाणी राहिलं तर डब्यात बुरशी धरते. कोरडा झालेला ग्रॅनोला घट्ट झाकणाच्या बरणीत दोन आठवडे छान राहतो. आमच्याकडे तो आठवडाही टिकत नाही, ही गोष्ट वेगळी.

सुकामेवा शेवटी, चिवड्यात बेदाणे घालतो तसा. इथे एक सापळा आहे. हा मोसम क्रॅनबेरीचा, आमच्या राज्यात तर त्यांची मोठी शेती. पण ते फळ मुळात इतकं आंबट की वाळवलेली क्रॅनबेरी जवळजवळ नेहमी साखरेत घोळवलेली असते. पाव कपाला पंचवीस ग्रॅमच्या वर! त्यापेक्षा बागेतून तोडून आणलेल्या सफरचंदांच्या पातळ चकत्या त्याच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-अडीच तास वाळवा. आम्ही कॉर्टलंड जातीची घेतो, जरा आंबटसर असतात.

पाव कप मेपल सिरपात साधारण पन्नास ग्रॅम साखर. दहा वाट्या झाल्या तर वाटीला पाच ग्रॅम, म्हणजे सव्वा चमचा. मेपल, मध किंवा गूळ घातला म्हणून ती साखर राहत नाही, असं मात्र नाही. फायदा प्रमाणाचा आहे. दाणे आणि तेल आहे, त्यामुळे अर्ध्या कपाला पावणेतीनशे कॅलरी होतात. वाटी ठरवूनच घ्यायची. बाबांना आता मापाची वाटी दिली आहे. अर्धा कप ग्रॅनोला, वर बिनसाखरेचं घट्ट दही. दोन तासांनी १६० ते १७५ च्या दरम्यान येतं. हा एका माणसाचा आकडा, आणि वाटीही आधीपेक्षा निम्मी, तेव्हा याला औषध समजू नका. तुमच्या घरच्यांसाठी त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि मोजून बघा. बायकोचं मत असं की भाजणीच्या थालीपीठाला हे काही उत्तर नाही. ते मलाही मान्य आहे, पण आठच्या कॉलआधी थालीपीठ कोण थापणार?

मुलांच्या डब्यासाठी करत असाल तर शाळेचा नियम बघून घ्या. इथे अनेक वर्गांत दाण्यांना बंदी असते. तेव्हा पेकनऐवजी सूर्यफुलाच्या बिया घालायच्या.

आणि देशातल्या नातेवाइकांनी विचारलंय म्हणून: ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत करा. त्यात भोपळ्याचा गर घालू नका, गोळा होतो. ओट्स, अक्रोड आणि बिया मंद आचेवर दहा-बारा मिनिटं कोरड्या भाजा, मग दोन चमचे तेल, दोन चमचे पातळ केलेला गूळ आणि मसाला घालून आणखी पाच-सात मिनिटं परता. लाल भोपळा वाफवून, कुस्करून दह्यात मिसळा आणि खाताना वर हा ग्रॅनोला घाला.