वेगाची अट नकाशात कशी लिहितात?

जर्मनीतल्या ऑटोबानवर काही ठिकाणी वेगाच्या बोर्डाखाली अजून एक छोटी पाटी असते. ‘२२ ते ६’, म्हणजे ही मर्यादा फक्त रात्री, बऱ्याचदा शेजारच्या वस्तीची झोपमोड होऊ नये म्हणून. किंवा ‘रस्ता ओला असताना’. आता हे फोनमधल्या नकाशाला कळणार कसं?

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात त्यासाठी दोन नोंदी करतात. ‘मॅक्सस्पीड’मध्ये नेहमीची मर्यादा, समजा १२०. ‘मॅक्सस्पीड कंडिशनल’मध्ये अटींसकट आकडे: रात्री २२ ते ६ असेल तर १००, रस्ता ओला असेल तर ८०.

पण रात्रीच पाऊस आला तर? दोन्ही अटी लागू! अशा वेळी यादीत शेवटी लिहिलेली अट जिंकते, म्हणजे ८०. हाच क्रम उलटा लिहिला, तर भर पावसात, निसरड्या रस्त्यावर उत्तर येईल १००. म्हणून मी म्हणतो, इथे क्रमालाही आकड्याइतकंच महत्त्व आहे.

आणि एक लक्षात ठेवा. फोनला वेळ कळते, पण टायरखालचा रस्ता ओला आहे का, हे नकाशातून कळत नाही. ते तुम्हालाच बघायचंय. स्क्रीन आणि बोर्ड यांचं जुळलं नाही, तर बोर्डाचंच ऐका!