ही गाणी कोण लावतं?

2014 साली आपल्या नागपुरात पाचपावली पोलिस ठाण्यात हनी सिंग आणि बादशाह या रॅप गायकांविरुद्ध तक्रार दाखल झाली. गाणी अश्लील आहेत, हा आरोप. पुढे आवाजाचा नमुना देण्याचा आदेश न्यायालयाने हनी सिंगला दिला तो 2022 साली! तक्रारीच्या वेळी पहिलीत असलेली मुलगी तोवर नववीत पोचली. म्हणजे कायद्याच्या भरवशावर बसायचं, तर मुली मोठ्या होऊन जातील आणि गाणी वाजतच राहतील.

वाजतात कुठे? आपल्याच घरी. वाशीम, रिसोड, मंगरुळपीर, कुठलीही वरात घ्या. आत्याबाईंपासून पुतणीपर्यंत सगळ्याजणी डीजेपुढे असतो. ठेका छान, शब्दांकडे लक्ष कोणाचं? एकदा लक्ष द्याच. बाई म्हणजे चाखायची वस्तू, 'नाही' म्हणाली तरी मागे लागण्याजोगी. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मधल्या सुट्टीत सातवीतली मुलं अशीच ओळ मुलींकडे बघून म्हणतात आणि हटकलं की उत्तर तयार, "मॅडम, गाणंच तर आहे!" रागवावं तरी कसं? त्याच गाण्यावर काकाच्या लग्नात त्याची आई नाचलेली असते.

रॅप मूळचा अमेरिकेतला. 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गरीब कृष्णवर्णीय तरुणांनी हिपहॉप उभं केलं. गरिबी, पोलिसांची दांडगाई यांना त्यातून वाचा फुटली. पुढे धंदा वाढला, तशी बाईला शिवी देणारी गाणीही बक्कळ खपू लागली. सगळीच तशी नव्हेत बरं का. क्वीन लतीफा या गायिकेनं 1993 साली या शिव्यांना गाण्यातूनच खणखणीत उत्तर दिलं आणि त्यासाठी 1995 चं ग्रॅमी पारितोषिक मिळवलं.

2004 साली अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात काय झालं ते ऐका. हे कृष्णवर्णीय मुलींचं जुनं कॉलेज. नेली नावाच्या रॅपरची बहीण रक्ताच्या कर्करोगानं आजारी होती, म्हणून अस्थिमज्जा देणाऱ्यांची नोंदणी तिथे व्हायची होती. मुली म्हणाल्या, नोंदणी जरूर करा, पण तुमच्या एका गाण्याच्या चित्रफितीत बाईच्या अंगावरून क्रेडिट कार्ड फिरवलंय, त्याबद्दल आमच्याशी बोला. कार्यक्रमच रद्द झाला, आणि बोल मुलींना लागला. गुलामगिरीच्या काळापासून गोऱ्या मालकांनी कृष्णवर्णीय बाईला चवचाल ठरवलं. आता घरचं गाणंही तेच म्हणू लागलं, तर तिनं दाद कोणाकडे मागावी? बोलली, तर आपलेच म्हणतात, आपल्या पोरांना जग आधीच गुंड म्हणतं, त्यात तू कशाला भर घालतेस?

हे परकं वाटतं का? 1972 साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आणि गाण्यातल्या बाईचा प्रश्न आपल्याकडे त्याहूनही जुना. तमाशात नाचणाऱ्या बायका बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या. पैसे उधळणाऱ्यांत मात्र वरच्या जातींचे पुष्कळ. पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांच्या लावण्या पवळा या महार कलावतीनं गाजवल्या. बापूराव देणगी घेऊन आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली, समाजाच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून, अशी हकीकत सांगतात. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. बाज तमाशाचा, पण नाचणारी बाई आणि तिची थट्टा वगळलेली.

मला मात्र इथे थोडी रुखरुख वाटते. अपमान गेला हे उत्तमच झालं, पण त्याबरोबर फडावरची बाईही गेली. तिची कला, तिचं पोट? गाणं शुद्ध करायचं म्हणजे बाईला आत धाडायचं, हा उपाय पुरुषांना नेहमीच सोपा वाटतो. त्यापेक्षा कडूबाई खरात यांना ऐका. एकतारी हातात घेऊन त्या भीमगीतं गातात आणि मोबाइलवरून घरोघर पोचल्या आहेत. बाई गाते आहे आणि मान ताठ आहे.

आता आपल्या हातातलं. आचाऱ्याला आपण दहा प्रश्न विचारतो, वरणाला फोडणी कसली, बुंदी साजूक तुपातली की डालड्यातली? मंडपाच्या पडद्याचा रंगसुद्धा सोडत नाही. डीजेवाल्याला मात्र एकच, "किती घेणार?" तो मागणीप्रमाणे लावतो हो. सांगणारी पोरं असतात, पैसे देणारे आपण. इसार देतानाच गाण्यांची यादी त्याच्या हातात ठेवा, आणि यादीबाहेरचं लावलं तर पैसे कापू, हेही तेव्हाच सांगा. यादी करायला घरच्या मुलींना बसवा. शब्द त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळतात. व्याही म्हणालेच, "पोरांना नाचू तरी द्या," तर यादीतली चार ठेकेबाज गाणी तिथल्या तिथे मोबाइलवर वाजवून दाखवा.